चांगल्या गिरणीचा हप्ता

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहराजवळ, झकारिया ॲलन नावाच्या कारखानदाराने १८२२ साली कापड गिरणी उभारली. बांधतानाच त्यांनी आगीचा विचार केला होता. त्या काळच्या गिरण्यांमध्ये पेट घ्यायला सगळं तयार असायचं. मजले लाकडी, त्यांत यंत्रांचं तेल वर्षानुवर्षं मुरलेलं, हवेत तंतूंची धूळ आणि दिवस मावळला की उजेडाला तेलाचे दिवे. ॲलन यांनी बारीक वाशांऐवजी जाडजूड तुळया घातल्या आणि मजल्यांना जाड फळ्या ठोकल्या. जाड लाकूड वरून कोळशासारखं काळं पडतं, पण आतून बराच वेळ भार पेलत राहतं. माणसांना बाहेर पडायला आणि पाणी मारायला तेवढाच अवधी मिळतो. शिवाय जड अग्निरोधक दारं बसवली, आग विझवण्याचा पंप ठेवला, त्याला तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेला होज पाइप दिला.

मग त्यांनी विमा कंपनीकडे साधी मागणी केली. माझ्या गिरणीला आगीचा धोका कमी आहे, तर माझा हप्ताही कमी करा. उत्तर नकाराचं आलं. गिरणी म्हणजे गिरणी. तिचा दर ठरलेला आहे, तो चांगल्या-वाईट सगळ्यांना सारखाच.

या नकारामागे कंपनीचा दुष्टावा नव्हता, हिशोब होता. शंभर गिरण्यांचा विमा उतरवायचा, त्यांतल्या काही जळणार हे धरून चालायचं, अंदाजे नुकसान शंभरांत वाटायचं, वर खर्च आणि नफा चढवायचा. कोणती गिरणी जळेल हे पाहायला माणूस पाठवणं खर्चाचं काम होतं. सरासरी काढणं स्वस्त होतं. पण या सरासरीचा अर्थ असा होतो की काळजी घेणाऱ्याच्या खिशातून निष्काळजी माणसाच्या आगीची भरपाई होते. वर काळजी घेण्याचा खर्च त्याने स्वतः केलेला असतोच. दरात फरक नसेल तर पंप बसवणारा कारखानदार शेजाऱ्यापेक्षा तोट्यात जातो. धंद्यात चार पैसे वाचवावे लागतात तिथे असा तोटा कुणी किती वर्षं सोसणार?

ॲलन यांनी १८३५ साली काही गिरणीमालकांना एकत्र करून स्वतःचीच विमा संस्था काढली, मॅन्युफॅक्चरर्स म्युच्युअल फायर इन्शुरन्स कंपनी. संस्था सभासदांच्या मालकीची. हप्ते जमा करायचे, वर्षभरात जळालेल्याची भरपाई करायची आणि उरलेला पैसा सभासदांना परत करायचा. पण खरं महत्त्व प्रवेशाच्या अटीला होतं. गिरणी आधी पाहायची, मग घ्यायची. ज्याची गिरणी घाणेरडी, ज्याच्याकडे पाण्याची सोय नाही, त्याला सभासदत्व नाही. आत घेतल्यावरही तपासणी चालूच. जुन्या कंपन्यांना जो खर्च परवडत नव्हता तो इथे परवडला, कारण तपासणीमुळे टळलेल्या प्रत्येक आगीचा पैसा सभासदांकडेच परत येत होता. पुढे अशा अनेक संस्था निघाल्या, त्यांनी आपापसांत धोका वाटून घेतला, प्रयोगशाळा काढल्या. आज एफएम या नावाने ओळखली जाणारी मोठी औद्योगिक विमा कंपनी याच वंशातली आहे आणि तिचं मुख्यालय अजूनही ऱ्होड आयलंडमध्येच आहे.

धोका कमी केला की विमा स्वस्त होतो, असं आपण सहज म्हणून जातो. ते आपोआप होत नाही, हे ॲलन यांच्या अनुभवातून दिसतं. कमी झालेला धोका कुणीतरी येऊन पाहावा लागतो, त्याची नोंद व्हावी लागते आणि पाहणाऱ्याच्या हातात दर बदलण्याचा अधिकार असावा लागतो. या साखळीतली एक कडी जरी तुटली, तरी कारखानदाराचा खर्च वाया जातो आणि पुढच्या वेळी तो खर्च करत नाही.

इंग्लंडातही हेच घडलं. लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या कापड कारखानदारांच्या संघटनांनी १८७० साली मँचेस्टरमध्ये स्वतःची अग्निविमा संस्था काढली, तीही चढ्या दरांच्या निषेधार्थ. याच सुमारास अमेरिकेत न्यू हेवनच्या हेन्री पार्मली या पियानो कारखानदाराने आपल्या कारखान्यात स्वयंचलित स्प्रिंकलर बसवला होता. छताखालून पाण्याचे नळ न्यायचे, त्यांना ठरावीक अंतरावर तोंडं ठेवायची आणि प्रत्येक तोंड थोड्या उष्णतेने वितळणाऱ्या मिश्रधातूने बंद करायचं. खाली आग लागली की वरचं तोंड आपोआप उघडतं. आजच्या स्प्रिंकलरमध्ये त्या जागी द्रवाने भरलेली काचेची छोटी कुपी असते. लाल रंगाची कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते. सिनेमात एका काडीच्या धुराने अख्ख्या इमारतीत पाऊस पडताना दाखवतात, तसं प्रत्यक्षात होत नाही. ज्या तोंडाखाली उष्णता पोचली तेवढंच उघडतं. त्यामुळे पाणीही थोडं लागतं आणि मालही थोडाच भिजतो.

पार्मली यांचा भाऊ जॉर्ज हा शोध घेऊन लँकेशायरच्या बोल्टन गावी गेला. मुद्दाम आग लावून त्याने लोकांसमोर प्रात्यक्षिक केलं. आग विझली, लोक थक्क झाले, पण मागणी आली नाही. गिरणीमालकांचा प्रश्न एकच होता: हे बसवलं तर माझा हप्ता किती कमी होणार? जॉर्जला कळून चुकलं की गिरणीमालकाला पटवण्याआधी विमावाल्याला पटवायला हवं. त्याने आधी बोल्टनच्या स्थानिक विमा संस्थेला आणि नंतर मँचेस्टरच्या त्या मोठ्या संस्थेला गाठलं. अमेरिकन अभियंते फ्रेडरिक ग्रिनेल यांनी या यंत्रात मोठी सुधारणा केली, मँचेस्टरच्या माथर अँड प्लॅट कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि विमा संस्थांनी स्प्रिंकलर कसा बसवावा याचे नियम लिहून काढले. नियम पाळले तर सूट, असा व्यवहार ठरला आणि मग स्प्रिंकलर पसरला. पुण्याजवळ चिंचवडला माथर अँड प्लॅटचा कारखाना पुढे उभा राहिला, त्याची मुळं या लँकेशायरच्या हप्त्यांच्या भांडणापर्यंत जातात.

वाफेच्या बॉयलरची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिची दिशा तीच आहे. १८६५ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीत सुलताना नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड शहरात बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. तिच्या नावात तपासणी आधी होती आणि विमा नंतर. हप्त्यातला मोठा वाटा भरपाईवर खर्च होण्याऐवजी बॉयलर पाहणाऱ्या माणसांच्या पगारावर होत असे. माझ्या मते विम्याचा इतका शहाणा वापर त्याआधी क्वचितच कुणी केला असेल.

आता उलट बाजू पाहू, कारण विमा नुसता असल्याने सुरक्षितता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कपडे शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. वरच्या मजल्यांवर मुली आणि तरुण बाया काम करत होत्या. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. स्प्रिंकलर नव्हते. थोड्याच वेळात १४६ जणांचा जीव गेला, त्यांतल्या कित्येकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ॲलन यांच्याच भागातल्या, गिरण्यांमध्ये स्प्रिंकलर तोवर रुळलेला होता, म्हणजे उपाय माहीत नव्हता असं नाही. पण ट्रँगलचा विमा ज्या पद्धतीने उतरवला गेला होता तिच्यात कुणालाच धोका कमी करण्यात रस नव्हता. मध्यस्थांचं कमिशन हप्त्यावर मिळत होतं, म्हणून हप्ता मोठा तेवढं बरं. धोका अनेक कंपन्यांमध्ये विखुरलेला, म्हणून आत जाऊन पाहणारा कुणीच नाही. मालकांना विम्याची रक्कम मिळाली ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त. त्या मुली गेल्या आणि मालकांच्या हिशोबात शिल्लक राहिली, हे वाचताना शंभराहून अधिक वर्षांनंतरही संताप येतो. विम्याच्या पुस्तकात ही आग प्रत्येक वेळी सांगितली गेली पाहिजे, असं मला वाटतं.

ट्रँगलमुळे दुसरा प्रश्नही पुढे येतो. इमारतीचा विमा वेगळा आणि माणसाच्या जिवाचा, हातापायांचा वेगळा. यात जर्मनीने फार लवकर पाऊल टाकलं. बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, औद्योगिक अपघात विम्याचा कायदा झाला. एकेका धंद्यातल्या मालकांची एकेक संघटना, तिच्यात प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि हप्ता त्या धंद्याच्या धोक्याच्या वर्गाप्रमाणे ठरायचा. या संघटनांना अपघात टाळण्याचे नियम करण्याचा आणि तपासनीस पाठवण्याचा अधिकारही मिळाला. भरपाई करणारा आणि अपघात टाळणारा एकच असला की दोन्ही कामं नीट होतात. आजही तिथे ज्या कारखान्यात अपघात जास्त त्याला अधिभार आणि जिथे कमी त्याला सवलत, अशी तरतूद आहे.

अमेरिकेत कामगार भरपाई विम्यात प्रत्येक मोठ्या मालकाला एक गुणक मिळतो. त्याच्यासारख्या धंद्यांची सरासरी म्हणजे १. गेल्या काही वर्षांतले अपघात सरासरीपेक्षा कमी असतील तर गुणक १ च्या खाली जातो आणि हप्ता तेवढ्या पटीने उतरतो. यात एक बारकावा आहे. तेवढ्याच खर्चाच्या एका मोठ्या अपघातापेक्षा वारंवार होणारे लहान अपघात गुणक जास्त वाढवतात. मोठा अपघात योगायोगानेही होऊ शकतो. पण दर महिन्याला कुणाचं तरी बोट चेपत असेल, तर तिथली कामाची पद्धतच बिघडलेली आहे, असं विमावाले मानतात. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिश यांनी १९३१ च्या आपल्या पुस्तकात एक प्रमाण मांडलं: एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० असे प्रसंग, ज्यांत कुणाला इजाच झाली नाही. या आकड्यांवर पुढच्या संशोधकांनी बरेच आक्षेप घेतले आणि ते सगळीकडे लागू होत नाहीत हे मान्य करायला हवं. पण पट्टा तुटला आणि माणूस थोडक्यात वाचला, तर त्याची नोंद करा, हा त्यामागचा सल्ला कुठल्याही कारखान्यात आज दुपारपासून पाळता येतो.

अशा गुणकाचा एक धोकाही आहे. अपघात कमी करण्याऐवजी अपघात दडवले जातात. जखमी कामगाराला खाजगी दवाखान्यात नेऊन पाच-दहा हजार हातावर ठेवले की नोंद कोरी राहते. म्हणून कामगार निर्भयपणे बोलतील तिथेच ही पद्धत उपयोगी पडते.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, पगाराच्या ४ टक्के वर्गणी जाते. ३.२५ टक्के मालकाची, ०.७५ टक्के कामगाराची. जुलै २०१९ पासून हे दर आहेत. हे दर कारखाना कसा आहे हे पाहत नाहीत. प्रेसवर बोटं वाचवणारं गार्ड लावलेला मालक आणि उत्पादन वाढावं म्हणून तेच गार्ड काढून ठेवणारा मालक, दोघांची वर्गणी सारखी. या योजनेने लाखो कुटुंबांना आधार दिला आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण मालकाच्या वर्गणीत सुरक्षिततेनुसार थोडा तरी चढउतार असावा, हे माझं ठाम मत आहे. ॲलन यांना १८३५ च्या आधी मिळालेलं उत्तर आपण आजही देत आहोत.

आगीच्या विम्यात मात्र चित्र बदललं आहे. पूर्वी भारतात टॅरिफ ॲडव्हायजरी कमिटीचं दरपत्रक सगळ्या कंपन्यांना बांधील होतं. त्यातही आग विझवण्याच्या साधनांसाठी सूट लिहिलेली होती, ती मिळवण्यासाठी कारखान्यांनी हायड्रंट आणि स्प्रिंकलर बसवले. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचं हे बंधन उठलं. दर कंपनीने ठरवायचा, म्हणजे घासाघीस करायला जागा आली. पण आपल्याकडे ही घासाघीस बहुतेक वेळा एका कंपनीचा आकडा दुसरीला दाखवून होते. कारखान्याबद्दल बोलणं होतच नाही. ३१ मार्च जवळ आला की एजंटाला फोन, गेल्या वर्षीच्या रकमेत थोडी वाढ, चेक, विषय संपला. असा मिळालेला स्वस्त दर टिकत नाही. बाजार फिरला किंवा एक दावा आला की तो झटकन वर जातो. कारखाना दाखवून मिळवलेला दर त्या मानाने टिकाऊ असतो.

मग दाखवायचं काय? विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या जिनिंग कारखान्याचं उदाहरण घेऊ. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात आपटला की ठिणगी पडते, रुई धुमसत राहते आणि गाठ बांधल्यावर काही तासांनी गोदामात आग दिसते. म्हणून कापूस आत जाण्याआधी लोहचुंबक, नुकत्याच बांधलेल्या गाठी जुन्या मालापासून वेगळ्या ठेवण्याची जागा आणि कापसाच्या गंजींमध्ये मोकळं अंतर, या तीन गोष्टी विम्याच्या इंजिनिअरला पहिल्या पाच मिनिटांत दिसतात. सूतगिरणीत कापूस मोकळा करून साफ करणाऱ्या ब्लोरूमची गोष्ट हीच. साखर कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, ढीग कुठे आहे, वारा कुठून वाहतो, वरून विजेच्या तारा जातात का, हे विचारलं जातं. यांतल्या बऱ्याच गोष्टींना यंत्रांच्या मानाने फारच थोडा खर्च येतो.

विजेकडे सगळ्यात आधी पाहावं, असं मी सांगेन. दर आगीनंतर आपण शॉर्टसर्किट म्हणून मोकळे होतो. पण सैल झालेला जोड कित्येक दिवस तापत असतो आणि थर्मल कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसतो. वर्षातून एकदा भार चालू असताना पॅनलची अशी तपासणी करून घ्यावी, आणि दुरुस्तीआधीची व नंतरची छायाचित्रं जपून ठेवावीत. दुसरी जागा वेल्डिंगची. छपराचा पत्रा बदलायला बाहेरचा माणूस येतो, ठिणग्या मालावर पडतात, तो संध्याकाळी निघून जातो आणि रात्री गोदाम पेटतं. लेखी परवानगीशिवाय वेल्डिंग नाही, जवळ पाण्याची बादली आणि अग्निशामक सिलिंडर, आणि काम संपल्यावर किमान तासभर तिथे एक माणूस बसलेला, एवढ्याने यातल्या बहुतेक आगी टळतील. आणि पंप असेल तर तो दर आठवड्याला चालवून त्याची वही लिहावी. तपासणीला आलेला माणूस ती वही आधी मागतो. बंद पडलेल्या पंपाला तो सूट कशी देणार?

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दोन-अडीच महिने आधी ही सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये घालून कंपनीच्या इंजिनिअरला कारखान्यावर बोलवावं. त्याने सुचवलेल्या सुधारणा लेखी मागाव्यात, आणि या केल्या तर दरात किती फरक पडेल हेही लेखीच विचारावं. छोटं नुकसान स्वतः सोसण्याची तयारी दाखवली की हप्ता आणखी उतरतो, पण ही तयारी किरकोळ आगी खरोखर थांबल्यानंतरच दाखवावी, आधी नाही.

हप्ता वाचवण्याची एक वाट मात्र बंद करायला हवी, ती म्हणजे मालमत्तेची किंमत कमी लिहिण्याची. २ कोटींचा कारखाना १ कोटीचा लिहिला आणि २० लाखांचं नुकसान झालं, तर सर्व्हेअर १० लाखच मान्य करतो, कारण निम्म्या मालमत्तेचा धोका मालकाने स्वतःकडे ठेवला असं धरलं जातं. ५ कोटींपर्यंतच्या उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ आहे, त्यापुढची नाही.

लहान उद्योगांची अडचण खरी आहे. भिवंडीतल्या किंवा इचलकरंजीतल्या वीस मागांच्या मालकाकडे विमा कंपनी इंजिनिअर पाठवणार नाही, तेवढा त्याचा हप्ताच नसतो. पण वीस मागांचे पन्नास मालक एकत्र आले तर हजार माग होतात आणि हजार मागांकडे इंजिनिअर येतो. महाराष्ट्रातल्या रासायनिक औद्योगिक वसाहतींमध्ये 'मार्ग' नावाचे परस्पर मदतीचे गट आहेत. एका कारखान्यात आग किंवा वायुगळती झाली की शेजारचे कारखाने आपली माणसं आणि साधनं घेऊन धावतात. हीच माणसं वर्षातून दोनदा एकमेकांच्या कारखान्यात, आग लागण्याआधी, वही घेऊन फिरू शकतात. यंत्रमागाच्या गावांतही असा गट उभा करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पाण्याची सामायिक टाकी, एक पंप, विजेच्या तपासणीसाठी मिळून ठेवलेला एक जाणकार आणि सगळ्यांच्या नोंदींची एकच फाइल, एवढी तयारी घेऊन संघटनेने एकत्रित दर मागायला विमा कंपनीच्या दारात जावं.